समुद्राकाठचे पडके चिरेबंदी घर : पाडायचे की सावरायचे?

प्रश्न थोडक्यात असा. देवगड तालुक्यातल्या एका गावात समुद्राच्या भरतीरेषेपासून साधारण दीडशे मीटरवर पणजोबांच्या काळचे जांभ्याचे कौलारू घर आहे. आठ वर्षे कुलूप. मागची पडवी बसली आहे, माजघराच्या एका भिंतीला उभा तडा गेला आहे, छप्पर दोन ठिकाणी खचले आहे. चार भावांपैकी तिघे मुंबईत. एक बांधकाम व्यावसायिक म्हणतो, जागा द्या, चार मजली इमारत उठवतो, प्रत्येकाला एक फ्लॅट देतो. गावातला गवंडी म्हणतो, पाडून स्लॅबचे बांधा, दुरुस्ती म्हणजे पैशाचे पाणी. करायचे काय?

तूर्त व्यावसायिकाच्या कागदावर सही करू नका आणि भिंतीला पहारही लावू देऊ नका. तुमच्या बाबतीत घराच्या तब्येतीआधी कागद पाहायला हवेत. किनाऱ्यावर एकदा जुने घर पाडले की त्या जागी पुन्हा काही बांधायचा हक्क राहतो की जातो, हे पुष्कळदा त्या जुन्या जोत्यावरच, म्हणजे घराच्या पायाच्या चौथऱ्यावरच, ठरते.

किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत, म्हणजे ज्याला सगळे सीआरझेड म्हणतात त्यात, विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात समुद्राच्या भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा ना-विकास क्षेत्र धरला जातो. २०११ च्या अधिसूचनेत हे होते, २०१९ च्या अधिसूचनेतही आहे. फक्त २०१९ मध्ये दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोकसंख्येच्या दाट गावांसाठी तो ५० मीटरवर आणला. पारंपरिक किनारी समाजांच्या घरांसारखे अपवाद सोडले तर या पट्ट्यात नवे घर बांधता येत नाही, पण अस्तित्वात असलेल्या अधिकृत बांधकामाची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते. अट अशी की चटईक्षेत्र, जोत्याचे क्षेत्रफळ आणि घनता आहे त्यापेक्षा वाढता कामा नये. याचा सरळ अर्थ: तुमचे गाव दाट वस्तीच्या वर्गात नसेल, तर दीडशे मीटरवर चार मजली इमारतीचा आराखडा मुळातच बसत नाही. व्यावसायिकाला एवढेच विचारा की मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर आपला सर्व्हे नंबर कुठल्या वर्गात दाखवला आहे. नकाशा न दाखवता तो विकसन कराराची घाई करत असेल, तर त्याला बांधकामापेक्षा तुमच्या जमिनीत जास्त रस आहे असे समजायला हरकत नाही.

‘अधिकृत’ या शब्दावर पुढे सगळे अडते. सीआरझेडची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची. घर त्याआधीचे आहे हे दाखवणारे कागद आत्ताच गोळा करा: ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, जुन्या घरपट्टीच्या पावत्या, विजेच्या जोडणीचा कागद, सातबारा, आणि गावठाणाची मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका. नमुना ८ वर बहुधा अजून आजोबांचे नाव असेल आणि क्षेत्रफळ अंदाजाने लिहिलेले असेल. वारसनोंद करून घ्या. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून जोत्याची लांबी-रुंदी नकाशावर आणा. भिंती उभ्या असताना ही मोजणी सोपी असते. घर पाडल्यावर दोन पावसाळ्यांत जोत्यावर रान माजते आणि मग मोजायला काही उरत नाही. चौघांची नावे लागली की चौघांची लेखी संमतीही घ्या. एका भावाने परस्पर घर मोडले की दुसरा मनाई हुकूम आणतो, आणि अर्धे मोडलेले घर कोर्टाच्या तारखांत विरघळते.

विजयदुर्गासारख्या केंद्र-संरक्षित किल्ल्याजवळ घर असेल तर आणखी एक कायदा लागतो. २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर विनियमित क्षेत्र आहे. पहिल्या १०० मीटरमध्ये नवे खाजगी बांधकाम होत नाही. १६ जून १९९२ पूर्वीपासून उभ्या असलेल्या घराची दुरुस्ती किंवा नूतनीकरण मात्र सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी घेऊन करता येते. तिथे घर पाडणे म्हणजे रिकामी जागा कायमची पदरात घेणे. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग हे किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्यामुळे त्यांच्या आसपास ही तपासणी सैल होण्याची शक्यता नाही.

आता घराकडे. पडके दिसणारे घर आणि पडणारे घर यांत फरक करायला महागडी यंत्रे लागत नाहीत. ओळंबा, हातोडी, जाड पेचकस, विजेरी आणि एक पावसाळा एवढे पुरते. पाहणी दोनदा करा: एकदा जुलैत, पाणी कुठून येते ते पाहायला, आणि एकदा डिसेंबरात, भिंती कुठे सुकल्या नाहीत ते पाहायला. मे महिन्यात घर बघून दिलेला सल्ला अर्धाच असतो.

लाकडापासून सुरुवात करा. कोकणातल्या घरात खांब, तुळया बहुधा किंजळ, ऐन, फणस किंवा सागाच्या असतात आणि मधला भाग सव्वाशे वर्षांनीही ठणठणीत असतो. कुजतात ती टोके, जिथे तुळई किंवा वासा भिंतीत शिरतो किंवा खांब जमिनीला टेकतो. हातोडीने टोकापासून मध्याकडे ठोकत जा. खणखणीत आवाज येतो तिथे लाकूड जिवंत आहे. बद्द आवाज आला तर पेचकस दाबा. अर्ध्या इंचापेक्षा जास्त सहज घुसला तर तेवढा भाग गेला. वाळवीच्या मातीच्या नळ्या खांबाच्या मागच्या बाजूला, भिंतीला चिकटून चढतात, समोरून दिसत नाहीत. आढे, म्हणजे छपराच्या माथ्याचे आडवे लाकूड, वाकलेले दिसले तरी घाबरू नका. वाकलेले आढे कित्येक वर्षे तसेच असते. भिंतीतले कुजलेले टोक मात्र एका पावसात छप्पर खाली आणते.

भिंतीला तडा आहे म्हणता. तो जिवंत आहे की जुना, हे आधी ठरवा. तड्यावर आडवी प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी बसवा, तारीख लिहा. पट्टी जूनपासून डिसेंबरपर्यंत फुटली नाही तर तडा शांत आहे, चुन्याने भरून त्यावर आडवे लांब चिरे (जांभ्याचे घडीव दगड) टाकून शिवता येतो. फुटली तर बहुधा खाली जोते खचते आहे. अशा वेळी बाहेरून पाहा: बहुतेक वेळा तिथे छपरावरून ओघळणारे पागोळ्यांचे पाणी पायाशी साठत असते, नाहीतर एखाद्या पिंपळा-उंबराचे मूळ आत शिरलेले असते. ओळंब्याने भिंतीचा झुकाव मोजा. दीड फूट जाडीची भिंत दोन-तीन इंच झुकून वर्षानुवर्षे स्थिर असेल तर ती चालते. त्यापुढे गेली किंवा मधेच पोट सुटले असेल तर आधी टेकू, मग त्या भागापुरती उतरवून पुन्हा चढवणे. जुनी भिंत दोन्ही बाजूंनी चिरा आणि मधे मातीचा भराव अशी असते. पोट सुटलेल्या जागी ठोकल्यावर पोकळ वाजले तर दोन पदर सुटले आहेत आणि दोन्ही पदरांना बांधणारे आरपार चिरे त्यात कधी घातलेच नव्हते.

आता या घरांचे सगळ्यात मोठे दुखणे. बहुतेक घरे जुनी झाली म्हणून बिघडत नाहीत, १९८० नंतर केलेल्या सुधारणांनी बिघडतात. चिरा सच्छिद्र असतो. भारतीय मानकानुसार बांधकामाच्या जांभ्याने वजनाच्या १२ टक्क्यांपर्यंत पाणी शोषले तरी चालते, म्हणजे तो पाणी पिणार हे गृहीतच आहे. चुन्याच्या गिलाव्यातून ते पाणी हिवाळ्यात बाहेर निघून जाते. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला आणि वर ऑइल पेंट फासला की ओल आत कोंडते, वर चढते, समुद्राची खार घेऊन गिलाव्यामागे सुकते. लोणा, म्हणजे मिठाचा पांढरा थर, लागतो, पापुद्रे सुटतात, चिरा आतून भुसभुशीत होतो. मग कोणीतरी वॉटरप्रूफिंगचा आणखी एक थर सुचवतो. माजघरात शेणाची जमीन काढून व्हिट्रिफाइड टाइल घातली की जमिनीतला ओलावाही भिंतीकडेच वळतो. अंगणात जोत्याला भिडवून पेव्हर ब्लॉक घातले की उरलेसुरले पूर्ण होते.

म्हणून दुरुस्तीचा क्रम उलटा लावू नका. रंग, टाइल, न्हाणीघर शेवटी. सगळ्यात आधी पाणी घराबाहेर. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत. भोवतालची जमीन जोत्याच्या माथ्यापासून निदान दीड फूट खाली हवी. रस्ता दरवर्षी डांबराने वर येत गेला असेल तर अंगण खणून खाली न्यावे लागते, त्याला इलाज नाही. पागोळी जिथे पडते तिथे उघडी चिऱ्याची पन्हळ, पन्नास फुटांना एक फूट उतार, आणि तिचे तोंड घराच्या खालच्या अंगाला. या कामाला पैसे कमी लागतात आणि गुण सगळ्यात जास्त येतो, पण फोटोत दिसत नाही म्हणून कोणी करत नाही.

मग छप्पर. मंगलोरी कौले चौरस मीटरला साधारण १५ लागतात. सगळी उतरवा, घासा, बोटाच्या गाठीने वाजवून पाहा. चिरकलेले कौल लगेच कळते. रिपा, म्हणजे कौले टेकतात त्या आडव्या पट्ट्या, बहुधा सगळ्या बदलाव्या लागतात, वासे थोडे. नवी रिप ठोकताना दोन रिपांतले अंतर तुमच्या हातातल्या कौलावरून ठरवा. जुन्या आणि नव्या कारखान्यांच्या कौलांच्या मापात फरक असतो आणि मिसळ केली की पाणी शिरते. जुनी कौले समोरच्या पाख्याला (छपराच्या उताराला), नवी मागच्या, असे वाटून घ्या. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि उत्तर रत्नागिरीत छपरांचे जे झाले त्यावरून एक गोष्ट पक्की करा: वळचणीच्या पहिल्या दोन-तीन ओळी, कडेची आणि आढ्यावरची कौले तारेने बांधायची, आणि वासे भिंतीवरच्या लाकडाला व ते लाकूड भिंतीला गॅल्व्हनाइज्ड पट्टीने जखडायचे. वारा छप्पर खाली दाबत नाही, वर उचलतो. नुसत्या वजनावर बसलेले छप्पर त्याला अडवत नाही.

माकडांचा विषय काढल्याशिवाय कोकणातल्या छपराची चर्चा पुरी होत नाही. कौले फोडतात म्हणून लोक सरसकट पत्रे घालतात. पत्र्याचे घर एप्रिलमध्ये तापते, पावसात बोलू देत नाही आणि खाऱ्या हवेत कापलेल्या कडा व स्क्रूच्या भोकांपासून गंजते. मधला मार्ग आहे: खाली रंगीत पत्रा, त्यावर उताराच्या दिशेने इंचभर जाडीच्या उभ्या पट्ट्या, त्यावर आडव्या रिपा, वर कौले. उभ्या पट्ट्या वगळल्या तर पत्रा आणि कौल यांच्यामध्ये हवा खेळत नाही, झिरपलेले पाणी रिपांवर अडते आणि त्या तीन-चार वर्षांत काळ्या पडतात. पट्ट्या कशाला म्हणून नेमक्या त्याच वाचवल्या जातात.

तुळईचे कुजलेले टोक असेल तर अख्खी तुळई बदलू नका. जिवंत लाकडापर्यंत कापून तिरका सांधा करून त्याच जातीचे, जुने वाळलेले लाकूड जोडा. सांध्याची लांबी तुळईच्या उंचीच्या तिप्पट तरी हवी, खाली दोन ठिकाणी टेकू लावूनच काम. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, तेही ३१६ दर्जाचे. साधे लोखंड समुद्राकाठी गंजून फुगते आणि लाकूड चिरते. टोक पुन्हा भिंतीत बसवताना भोवती बोटभर मोकळी जागा ठेवा, सिमेंटने लिंपून टाकू नका. वाळवीचे औषध जमिनीत सोडताना विहीर कुठे आहे ते आधी पाहा. कोकणात ती बहुधा मागील दारीच असते आणि जांभ्यातून पाणी झपाट्याने झिरपते. त्या बाजूला जमिनीत रसायन नको, लाकडाला बोरॉनचे द्रावण पाजा.

भिंतींचा सिमेंट गिलावा ओलीच्या खुणेच्या दोन फूट वरपर्यंत काढा आणि एक अख्खा कोरडा हंगाम भिंत उघडी ठेवा. लोणा कोरड्या ब्रशने झाडून बाहेर टाका; धुतलात तर तो परत आत जातो. दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधल्या सांध्यांच्या फटी, इंचभर खोल कोरून एक भाग चुना, तीन भाग धुतलेली वाळू या मिश्रणाने भरा. कळीचा चुना विझवून निदान दोन-तीन आठवडे पाण्याखाली मुरलेला हवा. घाईत वापरलेला चुना भिंतीत गेल्यावर फुलतो आणि गिलाव्यावर फोड येतात. थर १०-१२ मिलिमीटरचा, दोन थरांत आठवड्याचे अंतर, वर ओले गोणपाट. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिलच्या उन्हात चुना भाजतो, जूनमध्ये वाहून जातो. चुन्याचे काम येणारे गवंडी आता कमी आहेत, म्हणून आधी न्हाणीघराच्या मागे पाच फूट भिंत करून घ्या आणि महिनाभराने नखाने खरवडून पाहा.

‘जुन्या भिंतींवर स्लॅब टाकू’ हा तिसरा सल्ला तुम्हाला मिळेलच. तो ऐकू नका. पाच इंची स्लॅबचे नुसते स्वतःचे वजन चौरस मीटरला सुमारे ३१२ किलो. चाळीस बाय तीस फुटांच्या घरावर ते ३५ टनांच्या आसपास जाते. तेवढ्याच घरावरचे कौलारू छप्पर लाकडासकट आठ-दहा टनांचे असते. मातीच्या किंवा चुन्याच्या दर्जात बसवलेल्या चिऱ्यांना हा भार कदाचित सोसेलही, पण भूकंपात डोक्यावरचे हे वजन आडवे हलते, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाचे धक्के कोकणाने सोसले आहेत. भूकंपाची काळजी असेल तर पैसे वळचणीच्या पातळीवर भिंतींना बांधून ठेवणाऱ्या लोखंडी सळया, कोपऱ्यांचे सांधे आणि आरपार चिरे यांवर घाला; दगडविटांच्या जुन्या इमारतींच्या मजबुतीकरणासाठी भारतीय मानक १३९३५ आहे, अभियंत्याला त्यानुसार आराखडा मागा.

नवे म्हणजे टिकाऊ, हा समजही तपासून घ्या. किनाऱ्याच्या हवेत उघड्या काँक्रीटसाठी भारतीय मानक ४५६ कमीत कमी एम ३० दर्जा आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण मागते. गावातल्या कामावर काय होते ते तुम्हीच पाहा: घमेल्याने मोजलेले मिश्रण, २० मिलिमीटरचे आवरण, आणि बऱ्याचदा न धुतलेली खाडीची वाळू, म्हणजे मीठ पहिल्या दिवसापासून सळईला चिकटलेले. अशा स्लॅबच्या पोटाला पंधरा-वीस वर्षांत तांबडे डाग येतात, मग खपल्या पडतात. महाडमध्ये ऑगस्ट २०२० मध्ये कोसळलेली पाच मजली इमारत काँक्रीटची होती आणि जेमतेम दहा वर्षांची. कुजलेली तुळई सुतार बदलतो. गंजलेल्या सळयांचा स्लॅब दुरुस्त करणे घरमालकाच्या आवाक्यातले काम नाही.

तरीही प्रत्येक जुने घर वाचवावे असे मी म्हणणार नाही. भिंती कच्च्या मातीच्या असून छप्पर गेल्यावर दोन-तीन पावसाळे भिजल्या असतील, निम्म्याहून जास्त भिंती उतरवाव्या लागणार असतील, किंवा खालचा भरावच सरकत असेल, तर दुरुस्ती नावालाच राहते. आणखी एक कारण लोक बोलत नाहीत: दुरुस्त करून पुन्हा कुलूपच लावणार असाल तर पैसे घालू नका. कौलारू घराला दर मे महिन्यात शाकारणी (कौले काढून पुन्हा नीट बसवणे) लागते, महिन्यातून एकदा दारे-खिडक्या उघडाव्या लागतात. फक्त गणपती आणि शिमग्याला उघडणारे घर दहा वर्षांत पुन्हा याच अवस्थेत येते. एका भावाने राहायचे, किंवा गावातल्या कोणाला चालवायला द्यायचे, किंवा पर्यटन विभागाच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदवायचे, हे आधी ठरवा.

तुम्ही सांगितलेल्या वर्णनावरून माझा कल असा: ओटी, माजघर, देवघर यांचा मुख्य भाग राखा, बसलेली मागची पडवी उतरवा आणि तिच्याच जोत्यावर स्वयंपाकघर, न्हाणीघर, शौचालय नव्याने बांधा. नव्या भागाच्या भिंती जुन्या भिंतीत गुंफू नका. दोन इंच फट सोडून वर पत्र्याची झाकणपट्टी द्या, कारण नवे जोते पहिल्या दोन वर्षांत थोडे बसते आणि जुन्याला ओढते. नळ आणि मोऱ्या सगळ्या या नव्या भागात ठेवल्या की माजघराच्या भिंतींचा पाण्याशी संबंध तुटतो. अंदाजपत्रक एकरकमी घेऊ नका. तुळयांच्या सांध्यांची संख्या, रिपा धावत्या मीटरमध्ये, गिलावा चौरस मीटरमध्ये, कौले नगावर, असे बाबवार मागा, म्हणजे दोन ठेकेदारांची तुलना करता येते.

पडवी उतरवताना जेसीबी लावू नका. आधी कौले, मग रिपा, वासे, तुळया, आणि भिंत वरून दोन-दोन थरांनी. मातीत किंवा चुन्यात बसवलेले चिरे अख्खे निघतात, छिलून पुन्हा वापरता येतात, सिमेंटमधले फुटतात. लाकडावर खडूने नव्हे, रंगाने क्रमांक घाला आणि जमिनीपासून फूटभर उंच, थरांमध्ये पट्ट्या ठेवून रचा.

कागद गोळा होईपर्यंत एक पावसाळा जाईल. तेवढ्यासाठी खचलेल्या दोन जागी खालून बल्ल्यांचे टेकू द्या, टेकूखाली फळी ठेवा. ताडपत्री कौलांवर पसरून तिच्यावर दगड ठेवू नका, वाऱ्याने तेच दगड कौले फोडतात. त्या भागातली कौले काढून ताडपत्री आढ्यावरून दोन्ही पाख्यांवर सोडा, कडा बांबूला गुंडाळून बांबू खाली वाशांना बांधा. आणि समोरासमोरच्या दोन खिडक्यांना जाळी लावून त्या पावसाळाभर उघड्या ठेवा.